भाग सातवा आणि मधली भिंत

आमच्या घरातली मधली भिंत पडली, त्याला कारण लोणच्याचं एक पुस्तक. म्हणजे ते पुस्तक जागेवर नव्हतं, हे.

छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून मी निवृत्त झालो. गेली चार वर्षं भोरमध्ये आमच्या आळीतल्या छोट्या वाचनालयात संध्याकाळी चार ते सहा मानद ग्रंथपाल म्हणून बसतो. (मानद म्हणजे चहा घरून पिऊन यायचा.) त्या सोमवारी सुलूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, लोणच्यांचं पुस्तक आणायला सांगितलं होतं. ते कोणीतरी नेलेलं. रिकाम्या हाताने घरी जायची माझी हिंमत नव्हती. देणगीत नुकतंच एक खोकं आलं होतं, त्यात वरच एक गुलाबी पुठ्ठ्याचं पुस्तक दिसलं. ‘चार थापी. भाग पहिला : गळकं छप्पर.’ मागे लिहिलं होतं की चार मैत्रिणी हातात गवंड्याची थापी घेऊन मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करतात आणि घर दुरुस्त होता होता त्यातल्या माणसांचंही काय काय दुरुस्त होतं. एकूण भाग सात.

“हे काय?” सुलू म्हणाली.

“लोणचं नव्हतं. हा मुरांबा आहे. दोन पानांत झोप लागेल.”

झोप मला लागली. सुलू दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता भाग पहिला संपवून माझ्यापुढे उभी होती. कुकरला एकही शिट्टी झालेली नव्हती.

“दुसरा भाग आहे?”

“चार वाजता वाचनालय उघडतं.”

“किल्ली तुमच्याच खिशात आहे ना?”

अशा रीतीने, माझ्या मानद कारकिर्दीत पहिल्यांदाच, वाचनालय भर दुपारी साडेबाराला उघडलं. (जेवण दीड वाजता मिळालं. वरण कालचं.)

सुलूच्या दोन जुन्या मैत्रिणी आहेत. शाळेत तिघी एका बाकावर बसायच्या. मंगलचं माहेर वेल्ह्याकडचं. शाळेपुरती ती भोरला मावशीकडे राहायची आणि पुढे लग्न होऊन भोंगवलीला शेतकऱ्याच्या घरात गेली. नूतन पानशेतला असते. धरणाच्या रस्त्यावर तिची खानावळ आहे. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, पिठलं-भाकरीचे फोटो काढतात, आणि मग थंड झाल्यावर खातात. भाग पहिला एसटीच्या कंडक्टरच्या हाती भोंगवलीला गेला, तिथून टेम्पोने कसा कोण जाणे पानशेतला पोचला. महिन्याभरात तिघींचे सहा भाग वाचून झाले आणि एका रविवारी तिघी आमच्या घरी जमल्या. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होतो.

इथे माझ्या खोलीविषयी सांगायला हवं. आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि मधली खोली माझी. तिच्यात माझी आरामखुर्ची, माझी चारशे बारा पुस्तकं आणि पूर्वेला एक मोठी खिडकी. (खिडकीपुढे कपाट लावल्यामुळे ती आता दिसत नाही, पण आहे.) कचेरीत छत्तीस वर्षं मी तीन माणसांत मिळून एका टेबलाशी बसलो. उरलेली वर्षं या खोलीत एकट्याने काढायची, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी बाळगून होतो.

“त्या चौघी करतात, मग आपण का नाही?” नूतनचा आवाज आला. “तिघींचीही घरं दुरुस्तीला आलीत.”

“गवंडी परवडतील का?” सुलू म्हणाली.

“गवंडी एकच घ्यायचा, आमचा भिमा. बाकी समदं आपुन,” मंगल म्हणाली. “सावड करायची.”

सावड म्हणजे आमच्या मावळपट्ट्यात भातलावणीच्या वेळची रीत. आज तुझ्या खाचरात आम्ही सगळे लावणीला, उद्या आमच्या खाचरात तू. कामाची फेड कामाने. जो आपल्या शेताची लावणी करून घेतो आणि दुसऱ्याच्या वेळी घरी बसतो, त्याचं नाव पुढची पंचवीस वर्षं बांधाबांधावर निघतं. आजवर सावड भाताची झाली होती. गिलाव्याची ही पहिलीच.

“येका घरातून दोन माणसं,” मंगलने नियम सांगितला. “माझ्याकडनं मी आन आमचं हे. नूतनकडनं नूतन येकटीच, पर ती दोघांना भारी हाय. सुलू, तुझ्याकडनं तू आन दाजी.”

दाजी म्हणजे मी. मी ताबडतोब दारात गेलो.

“मंगलताई, माझी पाठ—”

“दाजी, सावडीत पाठ धरत न्हाईत. मानसं धरत्यात.”

विरोध करून उपयोग नाही हे दिसल्यावर मी कारकुनाचं जुनं शस्त्र बाहेर काढलं. जे थांबवता येत नाही ते क्रमवारीला लावायचं. मी वही आणली, सभा रीतसर भरवली, अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि ठराव लिहिला : पहिलं घर भोंगवली, दुसरं पानशेत, तिसरं आमचं. हेतू सरळ होता. दोन घरांत वाळू उपसून झाल्यावर कोणाच्याही अंगात तिसऱ्या घराचा उत्साह राहणार नाही. तिघींनी एकमताने मान्यता दिली आणि “दाजी मोठ्या मनाचं हायेत, सोताचं घर मागं ठेवलं,” असा अभिनंदनाचा शेराही मिळाला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी सहज भाग सातवा उघडला. तो अजून खोक्यातच होता. सहावा भाग जिथे संपतो तिथे यामिनी, म्हणजे त्या चौघींतली मुख्य, सहा घरं दुसऱ्यांची उजळून स्वतःच्या दारात येते आणि म्हणते, “आता माझं घर.” ते ऐकून तिचा नवरा बॅग भरून एसटी स्टँडकडे निघतो. एवढं सुलू फोनवर सांगत असताना माझ्या कानावर आलंच होतं. सातव्या भागाच्या चाळिसाव्या पानावर यामिनीच्या घराचा नकाशा होता. एका ओळीत तीन खोल्या. मधली खोली नवऱ्याची. आणि मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर एक ठसठशीत काट.

मी पुस्तक चटकन मिटलं. हे जर सुलूच्या हाती पडलं!

मी आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली. पुस्तक पिशवीत घातलं, वर कोथिंबीर ठेवली, घरी आणलं आणि माझ्या कपाटात थोर पुरुषांच्या बारा चरित्रग्रंथांच्या मागे दडवलं. त्या ग्रंथांना मी सोडून कोणी हात लावत नाही. (खरं सांगायचं तर मीही लावत नाही.) विचारलं तर सांगायचं, “भाग सातवा बाइंडिंगला पुण्याला गेलाय.” विचारलं, सांगितलं, आणि पटलंही.

फक्त एक गोष्ट घडली. ती घडल्याशिवाय राहणंच शक्य नव्हतं. पुस्तक वाचनालयाबाहेर नेण्याआधी मी रजिस्टरमध्ये नोंद केली.

वाचकहो, हसू नका. ज्याने छत्तीस वर्षं टाचणीसुद्धा नोंदीशिवाय हलवली नाही, त्याला पुस्तक चोरता येईल. नोंद न करता चोरता येणार नाही. हात आपोआप रजिस्टरकडे गेला. तारीख, पुस्तकाचं नाव, सभासद क्रमांक एकतीस (मीच), प्रयोजन ‘अवलोकनार्थ’, सही. शिवाय चार वर्षांत ते रजिस्टर माझ्याखेरीज कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

भोंगवलीचं काम सुरू झालं. मंगलच्या घराचा स्वयंपाकाचा भाग गोठ्याला लागून होता आणि धूर म्हशीच्या डोळ्यांत जायचा. ओटा दुसऱ्या बाजूला घ्यायचा, नवी खिडकी काढायची, भिंतींना गिलावा करायचा, असा बेत. मी वही, पेन आणि मोजपट्टी घेऊन हजर झालो. मंगलचा नवरा धनाजी दारातच भेटला.

“पाव्हणं, वही ऱ्हाऊ द्या. ही घ्या चाळण.”

तीन दिवस मी वाळू चाळली. चौथ्या दिवशी भिमा गवंड्याने मला घमेलं उचलायची बढती दिली. भिमा साठीचा, बारीक, बोलायला तिखट.

“भाऊसाहेब, घमेलं भरलंय का फाइल? अर्धंच हाय.”

“उरलेलं पुढच्या फेरीत.”

“कचेरीत बी असंच व्हायचं. म्या दाखल्याला चार येळा आल्तो.”

पुढच्या फेरीपासून मी घमेलं भरून नेऊ लागलो.

आता एक कबुली. शत्रूचा ग्रंथ वाचल्याशिवाय त्याचा पाडाव करता येत नाही, म्हणून मी ‘चार थापी’तल्या चुका शोधायला भाग पहिला वाचायला घेतला. वाचनालयात, एका जाड चरित्राच्या आत धरून. चुका भरपूर होत्या. मी पेन्सिलीने सतरा टिपल्या. दुसऱ्या भागात नऊ सापडल्या. तिसऱ्यात मी पेन्सिल न्यायला विसरलो. चौथ्यात सहा कधी वाजले कळलं नाही, आणि पाचव्यात सासूचं घर दुरुस्त करताना यामिनीला भिंतीतल्या देवळीत स्वतःचंच पत्र सापडतं, तिथे एक सभासद पुस्तक बदलायला आला. त्याने विचारलं, “काका, सर्दी झालीय का?”

सातवा भाग मी घरी वाचत असे. सुलू स्वयंपाकघरात असताना, चरित्रांच्या मागून काढून. तो मी तीनदा वाचला.

वाचल्याचा परिणाम कामावर दिसू लागला. भोंगवलीला भिंतीचा गिलावा झाल्यावर मी भिमाला म्हणालो, “सात दिवस रोज पाणी मारायला हवं. नाहीतर चिरा पडतील.”

भिमाने थापी थांबवली. “हे तुमाला कुणी सांगितलं?”

“वाचलंय. एका ग्रंथात.”

“कंच्या?”

“आहे एक. अनेक खंडांत.”

सुलू ओट्याशी वीट भिजवत होती. तिने मान वर केली. “सात दिवस पाणी, हे चौथ्या भागात आहे,” ती सावकाश म्हणाली.

“योगायोग,” मी म्हणालो आणि घमेलं घेऊन लगबगीने वाळूकडे गेलो. एवढ्या लगबगीने मी वाळूकडे कधीच गेलो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं असणार.

भोंगवलीची खिडकी झाली. मंगलने पहिल्यांदा नव्या ओट्यावर भाकरी थापली तेव्हा धूर सरळ बाहेर गेला. धनाजी म्हशीला म्हणाला, “आता बग की डोळं उगडून.” आम्ही सगळे तिथे ओळीने बसून जेवलो. मी तीन भाकरी खाल्ल्या. उत्साह संपायला पाहिजे होता, तो कोणाचाच संपला नव्हता. माझाही नाही, आणि ही बाब गंभीर होती.

मग धनाजीच्या टेम्पोतून वेल्ह्याच्या बाजूने पानशेत. (टेम्पोत पुढे दोन जागा. तिथे मंगल आणि धनाजी. मी मागे, सिमेंटच्या पोत्यांवर.) नूतनच्या खानावळीला मागची भिंत होती आणि भिंतीमागे धरणाचं पाणी. पुण्याहून लोक पाणी बघायला यायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. तिथे मोठं दार काढायचं होतं. मी आता भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा धरण्यात तरबेज झालो होतो. डोक्याला टॉवेल, अंगभर सिमेंट. एका पुणेकर बाईंनी गाडीतून उतरून मला विचारलं, “काका, फार्महाउसचं काम कराल का? तुमच्यासारखी जुनी कसबी माणसं मिळत नाहीत हो.” मी नाही म्हणालो. पण ते दोन मिनिटं विचार करून म्हणालो, हे भिमाने सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिघी सिमेंटच्या पोत्यांवर बसल्या होत्या. मी बाजूला सिमेंट-वाळूचा माल कालवत होतो.

“बाइंडिंगला इतके दिवस लागतात?” नूतन म्हणाली. “मला तर वाटतं, यामिनीचा नवरा एसटीत बसला आणि गेला बहिणीकडे कायमचा.”

“जाऊ दे की,” मंगल म्हणाली. “सहा भाग नुसता खुर्चीत बसून पेपर वाचतोय. असला नवरा गेला काय आन ऱ्हायला काय.”

“पळपुटाच आहे मेला,” सुलू म्हणाली.

मला राहवलं नाही. त्या माणसाला मी तीनदा वाचलं होतं. त्याची बाजू घेणारं त्या पोत्यांवर कोणी नव्हतं.

“पळपुटा नाही!” मी फावडं आपटून म्हणालो. “स्टँडवरून परत येतो तो! आणि भिंतीवर पहिला घाव तोच घालतो!”

तिघींनी माना माझ्याकडे वळवल्या. धरणावर एक टिटवी ओरडली.

“म्हणजे,” मी म्हणालो, “असा आपला माझा अंदाज.”

“कसली भिंत?” सुलूने विचारलं.

“कसलीही. घर म्हटलं की भिंत आलीच.”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चहा संपवला. कोणी काही बोललं नाही. तीस वर्षांच्या संसारात मी सुलूला रागावलेली, रुसलेली, भांडलेली पाहिली आहे. तिचं न बोलणं मात्र जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा तेव्हा घरातलं काहीतरी बदललं आहे.

पानशेतचं दार झालं. आता पुण्याचे लोक पाण्याकडे बघत पिठलं थंड करतात. राहिलं आमचं घर.

ठरलेल्या दिवशी टेम्पोतून वाळू येणार होती. “तुम्ही वाळूपाशी थांबा, ढोरं तोंड घालतात,” असं सांगून सुलूने मला अंगणात बसवलं आणि वाचनालयाची किल्ली मागून घेतली. मंगल आणि नूतन तिच्याबरोबर गेल्या. मला वाटलं, वेळ घालवायला मासिकं आणायला गेल्या असतील. (वाळू ढोरं खात नाहीत, हे मला बऱ्याच वेळाने सुचलं.)

मी मात्र तयारीत होतो. भिमा आल्याबरोबर त्याला मधल्या खोलीत नेलं.

“भिमा, ही भिंत फार महत्त्वाची आहे. सगळा भार हिच्यावर आहे.”

भिमाने भिंतीवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या, वर तुळईकडे बघितलं, खाली बघितलं.

“भाऊसाहेब, ही काईबी धरत न्हाई. साडेचार इंची हाय. नुसती मधी हुबी हाय.”

हे त्याने भिंतीविषयी म्हटलं, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात तिघी आल्या. सुलूच्या हातात रजिस्टर होतं. तिने ते माझ्या आरामखुर्चीवर ठेवलं आणि माझ्याच सुवाच्य अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘चार थापी, भाग सातवा. सभासद क्रमांक एकतीस. प्रयोजन, अवलोकनार्थ.’”

“बाइंडिंग अवलोकनातच झालं म्हनायचं,” मंगल म्हणाली.

“पुढे ऐक. ‘पुस्तक वाचून पूर्ण न झाल्याने पंधरा दिवस मुदतवाढ मिळण्यास विनंती. सही, सभासद. विनंती रास्त वाटते. सही, ग्रंथपाल. मंजूर. सही, ग्रंथपाल.’”

“तिन्ही सह्या एकच आहेत गं,” नूतन म्हणाली.

“दुसरी मुदतवाढ. तिसरी मुदतवाढ. आणि हे बघ, तिसऱ्या वेळी स्वतःला समज दिलीय. ‘यापुढे मुदतवाढ दिली जाणार नाही, याची सभासदाने नोंद घ्यावी.’”

“मग घेतली का न्हाई नोंद?” भिमाने मनापासून विचारलं.

“घेतली,” मी म्हणालो. “खाली सही आहे.”

“आणि चौथी मुदतवाढ,” सुलू म्हणाली.

नूतनने तोवर बारा थोर पुरुष बाजूला सारून सातवा भाग बाहेर काढला होता. त्यात खूण म्हणून माझा निवृत्तीवेतनाच्या कचेरीतला जुना पास होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी बाकी उरलेला सगळा अभिमान गोळा करून म्हणालो, “हो, लपवलं. कारण ते वाचून तू ही भिंत पाडशील, अशी मला भीती वाटली.”

सुलू हसलीही नाही आणि रागावलीही नाही.

“अहो, भिंतीचं माझ्या मनात ते पुस्तक छापायच्या आधीपासून आहे. तीस वर्षं मी दिवसाढवळ्या ट्यूब लावून फोडणी घालते. मागे शेजाऱ्यांची भिंत, पुढे तुमची. मोहरी फुलली की जळली, ते वासावर ओळखते. बोलले नाही, कारण तुम्ही कचेरीतून दमून यायचात आणि त्या खुर्चीत बसलात की तुमचा चेहरा जरा बरा दिसायचा.”

मी खाली बघितलं. सातव्या भागाच्या एकशे दहाव्या पानावर यामिनी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत बसलेली असते. ते वाचून माझे डोळे भरून आले होते. तिन्ही वेळा. आणि तिन्ही वेळा, मी डोळे पुसत होतो तेव्हा, भिंतीपलीकडे सुलू ट्यूब लावून भाजी चिरत होती. मला वाटायचं, तिला ट्यूब आवडते.

“भिमा,” मी म्हणालो, “हातोडा दे.”

भिमाने दोन्ही भुवया वर नेल्या. मंगल म्हणाली, “दाजी, पाठ?”

“सावडीत पाठ धरत नाहीत,” मी म्हणालो.

पुस्तकात या ठिकाणी यामिनीचा नवरा हातोडा उचलतो, एका घावात चार विटा निखळतात, धुळीतून सूर्यकिरण येतो आणि प्रकरण संपतं. मी हातोडा उचलला. डोक्यावर नेला. डोळे मिटले. आणि सर्व ताकदीनिशी घातला.

भिंत होती तशीच उभी होती. पलीकडे स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मात्र खाली पडल्याचा आवाज आला.

“सुरवात झाली,” भिमा म्हणाला. “आता सरा.”

मंगलने माझ्या हातातला हातोडा घेतला, पदर खोचला आणि एक घाव घातला. चार नाही, सहा विटा गेल्या. नूतनने दुसरा घातला. तिसरा सुलूने. मी घमेलं भरायला घेतलं, पूर्ण भरून. धनाजी आणि मी मिळून खिडकीपुढचं कपाट हलवलं, आणि कित्येक वर्षांनी ती खिडकी उघडली. (बिजागऱ्या ओरडल्या. तेल मीच घातलं. पाचव्या भागात आहे.) ऊन आत आलं, मधल्या खोलीतून पडलेल्या भिंतीवरून ओट्यावर गेलं आणि मोहरीच्या डब्यावर जाऊन बसलं. सुलूने झाकण काढलं आणि आत बघत राहिली. तीस वर्षांनी मोहरीचा रंग दिसल्यासारखी. मग तिने बाजूच्या भिंतीपाशी जाऊन ट्यूबचं बटन बंद केलं.

त्याला आता तीन महिने झाले. माझी आरामखुर्ची खिडकीशीच आहे, फक्त ती जागा आता स्वयंपाकघरात मोडते. त्यात फायदे आहेत. चहा मागावा लागत नाही. तोटे म्हणाल तर, जो माणूस स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतो त्याच्या मांडीवर लसणाची पाटी आपोआप येते. शिवाय माझ्या खोलीत आता सुलूच्या मैत्रिणींपासून शेजाऱ्यांपर्यंत दिवसभर माणसं असतात. मी कचेरीत होतो तेव्हा तीन माणसांत एक टेबल होतं, इथे पाच माणसांत एक ओटा आहे. तक्रार करायची ठरवतो, आणि मग शेंगा सोलत राहतो.

वाचनालयात मात्र बदल झाला आहे. रजिस्टर प्रकरण समितीपर्यंत गेलं. समितीने माझी सेवा लक्षात घेऊन मला सन्मानाने मुक्त केलं आणि मानद ग्रंथपाल म्हणून एकमताने सुलूची नेमणूक केली. मी वाळू चाळायला मोकळा. भिमासुद्धा सभासद झाला. कोणत्या ग्रंथात सात दिवस पाणी लिहिलंय ते त्याला स्वतः बघायचं होतं. सध्या तो तिसऱ्या भागात आहे आणि कामावर कोणाशी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात ‘चार थापी’चा आठवा भाग आला. यामिनीचा नवरा आता पुढे काय करतो, हे मला कळायलाच हवं. मी रीतसर अर्ज लिहिला : माजी ग्रंथपाल, ज्येष्ठ नागरिक, मालिकेचा जुना वाचक, तरी क्रम डावलून पुस्तक मिळावं. अर्ज काल परत आला. खाली लाल शाईत शेरा आहे, ‘भाग आठवा बाइंडिंगला पुण्याला गेला आहे. सही, ग्रंथपाल.’

तो आठवा भाग आत्ता ओट्यावर, तांदळाच्या डब्यामागे आहे. मला इथून, लसूण सोलता सोलता, त्याचा गुलाबी पुठ्ठा स्वच्छ दिसतोय. उजेड भरपूर आहे ना.